आक्काचं मीठ

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीत आहे, तिथं वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर असतं. कामगारासोबत घरातल्या एका माणसाचीही तपासणी होते. दर वर्षी मी बायकोला न्यायचो. तीन वर्षांपूर्वी आक्काला नेलं. ती यायला तयार नव्हती. दुपारचे डबे भरायचे होते, कणीक मळायची राहिली होती. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी," असं तिचं चाललं होतं. मी तिला जवळजवळ ओढतच गाडीवर बसवलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि आक्काची दहावी नुकतीच झाली होती. तिनं पुढचं शिक्षण सोडलं आणि घर ताब्यात घेतलं. वडील पिंपरीला एका फाउंड्रीत होते. पाळ्या आणि ओव्हरटाइम यांतून उरलेल्या वेळात ते झोपायचे. माझं दप्तर, माझा अभ्यास, माझ्या शर्टाची तुटलेली बटणं, सगळं आक्काकडं. तिला स्थळं आली तेव्हा ती म्हणाली, "ह्याची बारावी होऊ दे, मग बघू." माझी बारावी झाली, डिप्लोमा झाला, आणि तोवर स्थळं यायची थांबली होती.

आता कुरुळीत आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत तिची मेस आहे. आजूबाजूच्या कंपन्यांतली पोरं तिथं जेवतात, बीड-लातूरकडची, थोडी विदर्भातली. सगळी तिला आक्काच म्हणतात. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, ती, मी आणि माझी बायको.

शिबिराचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉलच्या ओळीतला आकडा जाड अक्षरात होता आणि त्याच्यापुढं चांदणी होती. त्या दिवशी बीपीही थोडं चढलेलं निघालं. शिबिराचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तेल-तूप जरा कमी करा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत तपासू. आणि बीपी अजून दोन-तीनदा मोजून घ्या. नुसत्या धावपळीनंही वाढतं." एवढंच. पण आमचे वडील कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेले होते. मला त्या कागदावर दुसरं काही दिसेना.

त्याच संध्याकाळी मी घरातला कारभार बदलला. तूप बंद. मटण बंद. शेंगदाण्याची चटणी बंद. अंडं तर अजिबात नाही. आणि बीपी आहे म्हटल्यावर मीठही बंद, म्हणजे आक्काची भाजी वेगळी, अळणी. लोणचं आणि पापड मी बायकोच्या माहेरी पाठवून दिले. कुठंतरी वाचलेलं, कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलेलं, सगळं गोळा करून मी एक तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला.

आक्का तो तक्ता बघत उभी राहिली. "अंडंबी न्हाई?"

"बलकात सगळं कोलेस्टेरॉलच असतं, आक्का."

"आठवड्यातून एक?"

"एकसुद्धा नाही."

तिला अंडं फार आवडायचं. लहानपणी आमच्या घरात आठवड्याला चार अंडी यायची आणि चारही माझ्या ताटात पडायची. "मला वास येतो," असं ती सांगायची. वास वगैरे काही येत नव्हता, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. मेस सुरू झाल्यापासून ती रविवारी स्वतःसाठी दोन अंड्यांची भुर्जी करून घ्यायची आणि सावकाश खायची. ते मी बंद केलं.  माझं ती ऐकायची. मी शिकलेला होतो, तिनंच शिकवलेला.

तीन-चार महिन्यांत तिचं वजन उतरलं. मी खूश होतो. डब्याला आलेल्या पोरांना सांगायचो, "बघा, आक्का कशी फिट झाली." ती हसायची आणि खुर्चीवर बसायची. आधी कधी ती खुर्चीवर बसलेली मी पाहिली नव्हती. उभ्यानं पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणारी बाई. आता दहा पोळ्यांनंतर तिला बसावं लागायचं. "उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येती," असं ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, "शरीराला सवय होतेय. थोडे दिवस जातील."

बीपी मोजायचं राहूनच गेलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात यंत्र होतं, दोन मिनिटांचं काम होतं. मी रोज त्या दुकानावरून कंपनीत जायचो.

आक्कातला बदल माझ्या बायकोच्या आधी लक्षात आला. एका रविवारी ती मला म्हणाली, "ताई काळ्या पडल्यात. तुम्ही बघितलं का?"

"उन्हात गच्चीवर वाळवणं घालत असते. पडणारच."

"उन्हानं हाताच्या रेषा काळ्या पडतात का? हिरड्या काळ्या पडतात का?"

मी म्हणालो, वय आहे. सत्तेचाळीस म्हणजे काय वय असतं? पण म्हणालो खरा.

आणि मग ती दुपार. माझी पहिली पाळी होती. मी साडेतीनला घरी आलो आणि थेट मेसमध्ये शिरलो. जेवणं उरकून गेली होती. भांडी घासणाऱ्या दोघी बाया मोरीपाशी होत्या, आणि दोन पोरं उशिरा आलेली, अजून ताटावर. आक्का ओट्याकडं तोंड करून उभी होती. तिच्या डाव्या तळहातावर मीठ होतं, चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर. ती ते जिभेनं चाटत होती. घाईघाईनं, कुणी बघेल की काय अशा भीतीनं.

माझं डोकं फिरलं. मी तिचा हात धरला. मीठ खाली सांडलं.

"हे काय चाललंय? तुला मरायचंय का?"

ती दचकली. "अरे, जीव मागतो रे. आतनं मागतो. ऱ्हावत न्हाई."

"जीव मागतो? लहान पोर आहेस का? मी इकडं तुझ्यासाठी मरमर करतोय आणि तू चोरून मीठ खातेस? बापासारखं जायचंय तुला?"

ती दोन्ही पोरं ताटात बघत बसली. मोरीपाशी नळ बंद झाला. आक्कानं पदरानं हात पुसला आणि म्हणाली, "चुकलं माझं."

त्या दिवसापासून मेसचं मीठही मी भांडीवाल्या बाईच्या ताब्यात दिलं. स्वयंपाकाला लागेल तेवढं तिनं काढून द्यायचं. ज्या बाईनं हजारो माणसांना जेवू घातलं, तिनं स्वतःच्या चुलीसमोर मिठासाठी हात पसरायचा. असं मी केलं. मला त्यावेळी त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण कर्तव्याला जागतोय असं वाटलं. हे लिहितानाही हात जड होतो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तिला जुलाब लागले. साधे, हवा बदलली की लागतात तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो तेव्हा ती पडून होती. अकराच्या सुमारास बायकोचा फोन आला. "ताई उठत नाहीत. हाक मारली तर नुसतं बघतात. अंग गार पडलंय." मी सुपरवायझरला सांगून निघालो. घरी पोचेपर्यंत अॅम्ब्युलन्स आली होती. चिंचवडच्या एका रुग्णालयात आम्ही तिला नेलं. रस्ताभर मी तिचे पाय चोळत होतो आणि मनात एकच, हार्ट अटॅक असणार, एवढं करून शेवटी तेच झालं.

हार्ट अटॅक नव्हता. बीपी इतकं खाली गेलं होतं की नर्सनं दोनदा मोजलं. रक्तातलं सोडियम घसरलं होतं, साखर घसरली होती. सलाइन लागलं. तपासणाऱ्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आक्काचा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला, ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या, मग कोपरावरची कातडी. नर्सला म्हणाल्या, "रक्त घेऊन ठेवा आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सुरू करा. रिपोर्टसाठी थांबायचं नाही."

संध्याकाळपर्यंत आक्का बोलायला लागली. डॉक्टरबाई परत आल्या, खाटेवर तिच्याजवळ बसल्या. मी पायाशी उभा होतो.

"मावशी, गेल्या काही महिन्यांत मीठ खावंसं फार वाटत होतं का? खारट काही?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग डॉक्टरबाईंकडं वळून म्हणाली, "न्हाई. तसं काई न्हाई."

"नक्की? आठवून सांगा. मला महत्त्वाचं आहे."

"न्हाई वो."

ती मला झाकत होती. जेमतेम शुद्धीवर आलेली, हाताला सुई, ओठ कोरडे पडलेले, आणि तरी मला झाकत होती.  शेवटी मी म्हणालो, "हो, डॉक्टर. वाटत होतं. ती चोरून खायची. मी बंद केलं होतं."

डॉक्टरबाई मला एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले, पोटाचा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी मला आणि बायकोला केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, त्या म्हणाल्या. अॅड्रिनल. तिथं कॉर्टिसॉल तयार होतं, त्याच्याशिवाय माणूस साधा तापही पेलू शकत नाही. शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोनही तिथलंच. आक्काच्या दोन्ही ग्रंथी जवळजवळ निकामी झाल्या होत्या. कातडी आणि हिरड्या काळ्या पडल्या होत्या त्या त्यामुळंच.

"ही हार्मोन्स कशापासून बनतात?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"कोलेस्टेरॉलपासून. तोच त्यांचा कच्चा माल."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. अंडी, तूप, मटण, फ्रिजवरचा तो तक्ता. "म्हणजे मीच... मी तिचा कच्चा मालच बंद केला?"

"नाही, नाही," त्या लगेच म्हणाल्या. "तसं नसतं. आपण खातो त्यातून येणारं कोलेस्टेरॉल हा थोडाच भाग. बाकी शरीर स्वतः बनवतं, मुख्यतः यकृतात. या ग्रंथी रक्तातून उचलतात, गरज पडली तर स्वतःही तयार करतात. तुम्ही अंडी बंद केली म्हणून कुणाचं कॉर्टिसॉल बंद पडत नाही. त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर आहे, रिपोर्ट बघा. माल आहे, मशीनच बिघडलंय."

बायकोनं सुटकेचा श्वास सोडला. मलाही सोडायचा होता. पण मी विचारलं, "आणि मीठ?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मिटवला. "मिठानं आजार झालेला नाही. पण त्यांचं शरीर मीठ धरून ठेवू शकत नव्हतं, ते लघवीवाटे वाहून जात होतं. म्हणून जीव मीठ मागत होता. ते खात होत्या तोवर कसंबसं तग धरून होत्या. ते बंद झालं, वर जुलाब लागले." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग त्यांनी वॉर्डात येऊन आक्काला विचारलं, "मावशी, पूर्वी कधी टीबी झाला होता?"

"झालता. लई वर्सं झाली."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बारावीच्या वर्षी ती खोकायची एवढं आठवत होतं.

"औषधं पूर्ण घेतली होती?"

आक्का चादरीची कड चाचपत राहिली. "एक दिसाआड दवाखान्यात जावं लागायचं. त्यांच्यासमोरच गोळ्या गिळायच्या. दोन तास मोडायचे. तीन-चार म्हैने गेले मी. बरं वाटलं. मग ह्याची परीक्षा आली, घरात कुणी नव्हतं, सोडून दिलं."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. भाजीत काय घातलं ते सांगावं तसं बोलली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आपल्याकडं या ग्रंथी खराब व्हायला टीबी हे एक मोठं कारण आहे, स्कॅनमध्ये तशा खुणाही आहेत, पण तेव्हाच्या सुटलेल्या औषधांमुळंच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. मी मान डोलावली. त्यांना असं वाटलं असेल की मी समजून घेतलं. मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन जिन्यात बसलो. बारावीला मला चांगले मार्क पडले होते. आक्कानं आळीत पेढे वाटले होते.

आठवड्याभरानं ती घरी आली. दिवसातून तीनदा एक गोळी, सकाळी दुसरी एक, जन्मभर. शेजारचे म्हणाले, या गोळ्या स्टिरॉइडच्या, म्हणजे विष. डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं की हे वरून दिलेलं जादा औषध नव्हे, शरीरात जे बनायला हवं होतं तेवढंच भरून काढतोय. ताप आला, उलट्या-जुलाब झाले की डोस वाढवायचा, पोटात काही ठरत नसेल तर लगेच इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. मीठ हवं तेवढं खायचं.

मी काय केलं? तक्ता फाडला, आणि दुसऱ्या टोकाला गेलो. कंपनीत लाइनवरचा एक जण म्हणाला होता, "भावा, हार्मोन वाढवायला अंडी आणि तूप, याच्याशिवाय औषध न्हाई." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजलं असूनही मी रोज सकाळी तीन अंडी उकडून तिच्यापुढं ठेवू लागलो. वरणावर तूप, भातावर तूप. ती खायची. महिन्याभरानं तपासणीला गेलो तेव्हा कोलेस्टेरॉल पुन्हा वाढलेलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "कितीही अंडी घातलीत तरी या ग्रंथी काही बनवणार नाहीत. ते काम आता गोळ्या करताहेत. एखादं अंडं खाऊ द्या, खुशाल. पण हे कुणासाठी चाललंय?"

 घरी आल्यावर आक्कानं मला मेसच्या बाकावर बसवलं. दुपारची सामसूम होती.

"आदी काई खाऊ दिलं न्हाईस. आता खाऊ घालून घालून मारतोस. एकदा तरी मला विचारलंस का, आक्का, तुला काय होतंय?"

मी बाकाची कड नखानं खरवडत राहिलो.

"अंधारी येती म्हनले. तू म्हनलास, सवय हुईल. मीठ मागते म्हनले, तू पोरांसमोर हात धरलास. तवा लाज वाटली रे. आजाराची न्हाई वाटली तेवढी."

"माफ कर, आक्का."

"माफ काय करायचं. तू भ्यायलावतास, ते कळतं मला. पर मी बी घरातच व्हते की. मला विचारायचं."

मी रडलो. तिनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. लहानपणी असं कधी झालं नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, कुकर लावायला गेली.

मेस आता पंचवीस माणसांची आहे. पोळ्यांना एक बाई ठेवली आहे. गोळ्या ती स्वतः घेते, मोबाइलवर गजर लावून. पाकिटात कार्ड असतं, त्यावर आजाराचं नाव आणि डॉक्टरबाईंचा नंबर. तपासणीला मी सोबत जातो, पण बाहेर बाकावर बसतो. तिनंच सांगितलं, "आत मी बोलते."

गेल्या हिवाळ्यात ती मेसमधल्या दोन बायांबरोबर तीन दिवस कोकणात जाऊन आली. समुद्र पहिल्यांदाच पाहिला. परत आल्यावर कपडे वाळत घालताना सहज म्हणाली, "दुसऱ्या दिशी ताप आलता मला."

मी जागच्या जागी थांबलो. "मग?"

"मग काय. गोळ्या डबल केल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या म्हनल्या बरोबर केलंत. पडून ऱ्हायले दिसभर. तिसऱ्या दिशी बरं वाटलं, मग पान्यात पाय घातले."

"मला का नाही फोन केलास?"

तिनं साडीची घडी झटकली, दोरीवर टाकली, चिमटा लावला. "तू भ्याला असतास."

मी बादलीतला पुढचा कपडा पिळून तिच्या हातात दिला.